विमानाला शर्टाचं ठिगळ

रेकॉर्ड मोडायला निघालेली सव्वीस वर्षांची एक मुलगी, तिचं सेकंडहँड विमान, आणि भूकंपाच्या धक्क्यातून जेमतेम सावरत असलेलं रंगून. मे १९३० मधल्या तीन दिवसांची ही गोष्ट. मला ती सापडली लंडनमध्ये, आणि कळली यांगूनच्या लोकलमध्ये!

लंडनमधला शनिवार. बाहेर पिरपिर पाऊस, पर्समध्ये मोजके पाऊंड आणि एंट्री फुकट असलेलं सायन्स म्युझियम. ऑनसाइट पाठवलेल्या मराठी मुलीला आणखी काय कारण लागतं? २०१६ सालची गोष्ट. ऑफिसच्या कामासाठी दोन महिने तिकडे होते आणि वीकेंडला टाइमपास म्हणून एकेक म्युझियम उरकत होते. वाफेची इंजिनं झाली, घड्याळं झाली, पाय दुखायला लागले. शेवटचं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लाइट गॅलरीत शिरले.

तिथे सगळी थोर मंडळी आहेत. १९१९ मध्ये अटलांटिक पार केलेलं अल्कॉक आणि ब्राउन यांचं विकर्स व्हिमी तर अख्खा हॉल व्यापून बसलंय. पण माझी नजर अडकली ती एका एवढ्याशा हिरव्या विमानावर. दोन मजली पंख, पुढे एक लाकडी पंखा, आणि बसायला वरून उघडी खोबण. छप्पर नाही, काही नाही. बाजूला नाव रंगवलेलं: जेसन. लांबी साधारण सात मीटर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या जागेत आरामात मावेल! (पंख मागे दुमडता यायचे, म्हणून. सेक्रेटरींनी मात्र परवानगी दिली नसती.)

यातून एक मुलगी एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली, असं खाली लिहिलेलं. मी स्वतःशीच म्हटलं, शक्यच नाही.

तिचं नाव ॲमी जॉन्सन. जन्म १९०३, गाव हल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मासळीचं बंदर, आणि वडिलांचा धंदाही मासळीचाच. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन बाई ग्रॅज्युएट झाली, लंडनला आली आणि एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून चिकटली. त्यातच कित्येक वर्षांचं एक प्रेमप्रकरण मोडलं. दिवसभर टायपिंग, फायली, साहेबांची पत्रं. म्हणजे तुमची-आमचीच गोष्ट की! फरक एवढाच की, ब्रेकअपनंतर आपण केस कापतो, फार तर गोव्याला जातो. हिने विमान चालवायचा क्लास लावला.

१९२९ च्या जुलैत तिला पायलटचं लायसन्स मिळालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ग्राउंड इंजिनिअरचं. हे दुसरं लायसन्स मिळवणारी ती पहिली ब्रिटिश बाई. मला विचाराल तर तिची खरी कमाई ही. विमान उडवणाऱ्या श्रीमंत बायका तेव्हाही होत्या. हँगरमध्ये पुरुष मेकॅनिकांच्या बरोबरीने हात काळे करून इंजिन उघडणारी मुलगी मात्र लोकांना नवी होती. ऑफिसच्या आधी हँगर, ऑफिसनंतरही हँगर.

मग तिच्या डोक्यात ऑस्ट्रेलिया शिरलं. बर्ट हिंक्लर नावाच्या पायलटने १९२८ मध्ये हा प्रवास एकट्याने साडेपंधरा दिवसांत केला होता. तो रेकॉर्ड मोडायचा! अनुभव? तोवरचं सगळ्यात लांबचं उड्डाण लंडन ते माहेर, म्हणजे हल. पैसे? थोडे वडिलांनी दिले, थोडे कॅस्ट्रॉल तेलवाले लॉर्ड वेकफील्ड यांनी. सहाशे पाऊंडांत सेकंडहँड जिप्सी मॉथ आलं. तेव्हाच्या दराने साधारण आठ हजार रुपये. वडिलांच्या मासळीच्या कंपनीचा ट्रेडमार्क होता 'जेसन', तेच नाव विमानाला. एका बाजूला एक जादा प्रोपेलर दोरीने बांधून घेतला. हा प्रोपेलर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ मे १९३० च्या सकाळी ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाली. निरोप द्यायला वडील आणि चार मित्रमंडळी. पेपरवाल्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

आता या तारखेकडे जरा बघा. बाकी लेखांमध्ये ही तारीख फक्त तिच्या उड्डाणाची म्हणून येते. मला मात्र ती दुसरीकडेही भेटली. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली आणि त्यांना आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणलं गेलं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी उशिरा, रंगूनपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचं पेगू हे गाव भूकंपाने आडवं झालं. पेगूत पाचशेच्या आसपास माणसं गेली, रंगूनमध्ये पन्नासेक. पेगूत पाठोपाठ आगी लागल्या. तिथल्या श्वेमॉडॉ पॅगोड्याचा डोलारा कोसळला.

म्हणजे ॲमी युरोपवरून व्हिएन्नाकडे उडत असताना, तिच्या वाटेवरचं एक गाव पडत होतं. तिला अर्थातच पत्ता नव्हता.

पहिले काही दिवस तिने धमाल केली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद, बंदर अब्बास. धमाल म्हणजे आपल्याला वाचायला धमाल हं! उघड्या खोबणीत दिवसभर वारा आणि पेट्रोलच्या वाफा, रात्री उतरल्यावर स्वतःच्या हाताने इंजिनाची साफसफाई, आणि मग जेमतेम दोन-तीन तास झोप. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळात सापडली तेव्हा वाळवंटात उतरून चाकांना सामानाचा टेकू लावला आणि रिव्हॉल्व्हर हातात धरून बसून राहिली. १० मे रोजी कराची. सहा दिवसांत! हिंक्लरला इथवर यायला आठ लागले होते. आता मात्र लंडनचे पेपर खडबडून जागे झाले. दोन दिवसांची आघाडी म्हणजे रेकॉर्ड खिशात असल्यासारखंच.

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात आपले जेआरडी टाटासुद्धा जिप्सी मॉथमधूनच कराचीहून लंडनकडे उडत होते. आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. ते बक्षीस जेआरडींना मिळालं नाही. समोरून येणाऱ्या सतरा वर्षांच्या ॲस्पी इंजिनिअरने ते मारलं, तेही वाटेत अबूकिरला जेआरडींनीच त्याला स्पार्क प्लग दिले होते! आकाश तेव्हा एवढं छोटं होतं. सगळे जण त्याच त्या चार-पाच मैदानांवर उतरायचे आणि एकमेकांना स्पेअर पार्ट द्यायचे.

कराचीनंतर ॲमीला जायचं होतं अलाहाबादला, पण समोरच्या वाऱ्याने पेट्रोल खाल्लं आणि टाकी झाशीलाच संपत आली. लष्कराच्या परेड ग्राउंडवर ती उतरली, पण विमान थांबता थांबेना. झाडं, माणसं चुकवत ते बरॅकींच्या मधोमध जाऊन अडकलं. पंख फाटला. तो तिथल्या एका सुताराने रात्रीतून सांधून दिला. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, कलकत्ता. त्याच १२ मेला इकडे आपल्या सोलापुरात गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेला असंतोष चिरडायला मार्शल लॉ लागू झाला होता. एकाच पेपरच्या एकाच पानावर या दोन बातम्या कशा दिसल्या असतील, असं मला राहून राहून वाटतं.

१३ मे. कलकत्ता ते रंगून, हजारेक किलोमीटर.

आपल्याकडे मे म्हणजे घामाच्या धारा. खालच्या ब्रह्मदेशात मात्र मेच्या मध्यालाच पाऊस दाखल होतो. ॲमीच्या सगळ्या प्लॅनिंगमधली मोठी चूक तीच होती, असं माझं मत. मार्चमध्ये निघाली असती तर ही गोष्टच वेगळी झाली असती. ढग इतके खाली की डोंगर दिसेनात, चष्म्यावरून पाण्याचे लोट. तिला उतरायचं होतं रंगूनच्या रेसकोर्सवर. ती घिरट्या घालत राहिली. रेसकोर्स सापडेना, उजेड कमी होत चाललेला. शेवटी खाली एक मोकळं मैदान दिसलं आणि तिने विमान खाली घातलं.

ते रेसकोर्स नव्हतंच. रंगूनच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवरच्या इनसेन गावातल्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचं ते खेळाचं मैदान होतं. छोटंसं. चिखल झालेलं. विमान फुटबॉलच्या गोलपोस्टांच्या मधून सरळ पुढे गेलं (गोल!) आणि पलीकडच्या चरात नाक खुपसून उभं राहिलं. प्रोपेलर तुटला. पंखाच्या चिंध्या झाल्या. चाकांचा सांगाडा मोडला.

ॲमी खाली उतरली आणि रडली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आठ-नऊ दिवस धड न झोपता उडून, जिंकत आलेला डाव पावसात चिखलात घालवल्यावर कोण नाही रडणार? आपण तर सर्व्हर डाऊन झाला तरी वॉशरूममध्ये जाऊन रडतो.

पण बॉस, पडायचंच असेल तर कुठे पडावं, हे हिच्याकडून शिकावं! आख्ख्या ब्रह्मदेशात त्या दिवशी तिला याहून योग्य जागा मिळाली नसती. टेक्निकल इन्स्टिट्यूट! म्हणजे वर्कशॉप आहे, हत्यारं आहेत, लोहारकाम-सुतारकाम शिकवणारे मास्तर आहेत आणि शिकणारी पोरं आहेत. पोरांना तर आयुष्यातलं सगळ्यात भारी प्रॅक्टिकल आभाळातून पडून मिळालं.

काम कसं होतं, तेही जरा समजून घ्या. तेव्हाच्या विमानाचा पंख म्हणजे आतून लाकडाचा सांगाडा: लांब दांडे आणि त्यांना आडव्या बारीक फासळ्या. त्यावर ताणून शिवलेलं लिननचं कापड. त्या कापडावर 'डोप' नावाचं रसायन फासायचं. ते वाळलं की कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं टणक होतं. (डोपचा वास साधारण नेलपॉलिशसारखा. खानदान एकच!) लाकूड तर ब्रह्मदेशात काय कमी? फासळ्या नव्या बनल्या. वाकलेलं लोखंड वर्कशॉपमध्ये सरळ झालं. बाजूला बांधून आणलेला तो जादा प्रोपेलर चढला. डोप रंगूनमधल्या एका केमिस्टने अंदाजपंचे मिश्रण करून बनवून दिलं.

अडलं ते कापडापाशी. साधं सुती कापड चालत नाही. हवेच्या दाबाने टराटरा फाटतं. विमानाचं लिनन वेगळं, घट्ट विणीचं. ते इनसेनमध्ये कुठून आणायचं?

तेव्हा कोणाला तरी आठवलं की, पहिलं महायुद्ध संपल्यावर विमानांसाठी विणलेलं असंच लिनन उरलं होतं आणि ते स्वस्तात विकायला निघालं होतं. इकडच्या लोकांनी ते घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. चांगले दणकट शर्ट, वर्षानुवर्षं फाटायचं नाव नाही! झालं. शर्ट गोळा झाले, शिवण उसवली आणि जेसनच्या पंखाला शर्टांची ठिगळं लागली. विमानाच्या कापडाचे झालेले शर्ट, पुन्हा विमान झाले.

म्युझियममधून परत आल्यावर हॉटेलच्या खोलीत हे सगळं वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून बसले. आमची आजी जुन्या साड्यांची गोधडी करायची, त्यातलाच हा प्रकार. फक्त ही गोधडी पांघरून कोणी तरी समुद्र ओलांडणार होतं.

तरी एक गोष्ट खटकत राहिली. ॲमीवर मी जे काही वाचलं त्यात इनसेन म्हणजे एक मजेदार प्रसंग: पाऊस, चर, शर्ट, हशा, पुढचा मुक्काम. बहुतेक ठिकाणी भूकंपाचं नावच नाही. अहो, आठ दिवस झाले होते फक्त! पन्नास माणसं रंगूनमध्ये गेलेली, पलीकडच्या पेगूत पाचशे. शिवाय रंगूनच्या गोदीत तेलुगू हमालांचा संप पेटलेला. त्या आठवड्यात तिथल्या सुताराला, लोहाराला, शिंप्याला कामाची काय कमी असेल? अशा वेळी एक अनोळखी गोरी मुलगी विमान घेऊन चिखलात पडते, आणि गाव तीन दिवस तिच्यासाठी खपतं. का? साहेबाचं राज्य होतं, हुकूम आला असेल, हे एक उत्तर. ते पूर्ण खोटं नाही. पण हुकमावर कोणी अंगातला शर्ट काढून देत नाही.

१६ मे रोजी डागडुजी केलेलं जेसन रंगूनच्या रेसकोर्सवरून उडालं. आघाडीचे दोन दिवस इनसेनच्या मैदानात राहिले ते राहिलेच. पुढे बँकॉक, सिंगोरा, सिंगापूर. जावा बेटावर बांबूच्या खुंटांनी पुन्हा पंखाला भोकं पडली, तेव्हा तर चक्क जखमेवर लावतात त्या चिकटपट्ट्या लावून काम भागवलं. २४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस. हिंक्लरचा रेकॉर्ड शाबूत राहिला. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत जाणारी पहिली बाई म्हणून जगाने तिला डोक्यावर घेतलं. डेली मेलने दहा हजार पाऊंड दिले, सरकारने किताब दिला. हरलेल्या रेकॉर्डची आठवण कोणालाच राहिली नाही. तिला मात्र असावी, असं वाटतं. कारण पुढची कित्येक वर्षं ती रेकॉर्डच्याच मागे धावत राहिली.

इकडे रंगूनमध्ये तिच्या डार्विनला पोचण्यानंतर दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, दंगल उसळली. संप मोडायला गोदीत बर्मी कामगार आणले होते, संप मिटल्यावर त्यांना घरी जायला सांगितलं आणि भडका उडाला. बर्मी विरुद्ध भारतीय. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक भारतीय हमाल. तेव्हाच्या रंगूनमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती, आणि ब्रह्मदेश अजून हिंदुस्थानचाच प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. कोणी म्हणेल, दंगलीचा आणि विमानाचा काय संबंध? काहीच नाही. पण एकाच गावाच्या एकाच महिन्यात भूकंप, विमान आणि दंगल अशा तिन्ही गोष्टी झाल्या, आणि आपल्याला सांगितली जाते ती मधलीच.

२०१९ मध्ये योग जुळून आला. एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी ऑफिसने यांगूनला पाठवलं. यांगून म्हणजेच जुनं रंगून. टीममधल्या एका लोकल मुलीला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मला इनसेनला जायचंय, कसं जाऊ?" ती दचकलीच. इनसेन म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिलं येतं ते इनसेनचं कुप्रसिद्ध जेल, राजकीय कैद्यांनी भरलेलं. आंग सान सू ची यांनाही तिथे ठेवलं होतं. "तिथे कोण आहे तुझं?" तिने हळूच विचारलं. मी मोबाइलमधला जेसनचा फोटो दाखवला.

रविवारी दोघी निघालो. यांगूनला सर्क्युलर रेल्वे आहे, शहराला गोल फेरी मारणारी. दोनशे क्याटचं तिकीट, म्हणजे आपले दहा रुपयेसुद्धा नाहीत. आपल्या लोकलसारखीच गर्दी, पण वेग बैलगाडीचा! भाजीच्या पाट्या, कोंबड्या, लुंगी नेसलेले काका (तिथे लुंगीला लोंजी म्हणतात आणि बायकापुरुष सगळेच नेसतात), डोक्यावर थाळा घेऊन संत्री विकणाऱ्या बायका, आणि सगळ्यांच्या गालांवर तनाखाचा पिवळसर लेप. त्या गाडीत मी तिला सगळी गोष्ट सांगितली. पाऊस, गोलपोस्ट, चर, शर्ट. ती शांतपणे ऐकत होती. शर्टांपाशी आल्यावर मला वाटलं, आता ही म्हणेल, वा!

ती म्हणाली, "मग त्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय घातलं?"

मी गप्प. तीन वर्षं ही गोष्ट मी मित्रमंडळींना रंगवून रंगवून सांगत होते. हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

इनसेनच्या अलीकडे जोगोन नावाचं स्टेशन लागतं. टेक्निकल इन्स्टिट्यूट त्याच भागात. गेटवरच्या वॉचमनशी माझी मैत्रीण बराच वेळ बर्मीत बोलली. त्याने विमानाचा फोटो नीट निरखून पाहिला, मान डोलावली आणि आत सोडायला ठाम नकार दिला. रविवार! कोणाची परवानगी? जगातले सगळे वॉचमन एकाच मुशीतून काढलेले असतात. मग आम्ही कुंपणाकडेने चालत राहिलो. पावसाची झाडं, चिखल, रस्त्याकडेला चर. चर बघून मला उगीचच भरून आलं. पुढे मोकळ्या जागेत पोरं गोल करून वेताचा चेंडू पायाने उडवत होती, चिनलोन खेळत होती. आम्ही समोरच्या टपरीवर कंडेन्स्ड मिल्कचा चहा घेतला. मैत्रिणीने मला विचारलं, "एवढंच बघायचं होतं?" मी म्हटलं, हो, एवढंच.

पुढच्या आठवड्यात एकटीच बसने पेगूला गेले. आता त्याला बागो म्हणतात. १९३० मध्ये कोसळलेला श्वेमॉडॉ पॅगोडा १९५० च्या दशकात पुन्हा उभा राहिला, ११४ मीटर, म्हणजे यांगूनच्या प्रसिद्ध श्वेडगॉनपेक्षाही उंच. सोन्याने नुसता झळाळत असतो. पण मला जास्त आवडला तो त्याच्या ईशान्य कोपऱ्यातला विटांचा एक अजस्र तुकडा. १९१७ च्या भूकंपात कळसाचा हा भाग खाली आला होता. उचलला नाही, फेकला नाही. पडला तिथेच ठेवला आणि त्याच्यासमोरही लोक फुलं वाहतात, उदबत्ती लावतात. १९१७ ला पडलं, बांधलं. १९३० ला पडलं, पुन्हा बांधलं. तिथल्या लोकांशी बोलताना जाणवलं, त्यांच्या लेखी पडणं आणि बांधणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. आपल्या किल्लारीच्या किंवा भुजच्या माणसाला हे समजावून सांगायला लागणार नाही.

ॲमीचं पुढे काय झालं, असं यांगूनच्या मैत्रिणीने विचारलं होतं. तेही सांगून टाकते. डार्विननंतर पाचच दिवसांत ब्रिस्बेनला उतरताना जेसन उलटंपालटं झालं, ती वाचली. दुरुस्त होऊन विमान बोटीने इंग्लंडला गेलं. १९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या पायलटशी लग्न केलं, ते टिकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ती लष्कराची विमानं कारखान्यातून तळावर पोचवायचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत वाट चुकली, पॅराशूटने थेम्सच्या मुखाशी बर्फगार पाण्यात उतरली. तिला वाचवायला उडी मारलेला नौदलाचा अधिकारीही गेला. तिचा देह सापडला नाही. वय सदतीस.

२०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि आमचा प्रोजेक्ट बंद पडला. मैत्रीण सिंगापूरला गेली. आमचे मेसेज कमी होत होत वाढदिवसापुरते उरले.

मग २८ मार्च २०२५. भूकंप, ७.७ तीव्रतेचा, सगाईंग आणि मंडालेजवळ. मंडाले म्हणजे आपल्या लोकमान्यांचं मंडाले, जिथल्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं गेलं. ज्या सगाईंग भ्रंशरेषेने १९३० मध्ये पेगू पाडलं, तीच ही. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर भारतीय हवाई दलाचं सी-१३० विमान यांगूनच्या विमानतळावर उतरताना दाखवलं. आत पंधरा टन सामान: तंबू, ब्लँकेटं, पाणी शुद्ध करायची यंत्रं, औषधं. तो विमानतळ इनसेनपासून अगदी जवळ.

मी मैत्रिणीला मेसेज टाकला. उत्तर रात्री उशिरा आलं. तिची मावशी मंडालेत. घराची एक भिंत गेली होती, माणसं वाचली होती, सगळी गल्ली रस्त्यावर झोपत होती. शेजारच्या शिंप्याने दुकानातलं सगळं कापड बाहेर आणून पोरांवर सावलीला ताणून बांधलंय, असं तिने लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती: "तुझ्याकडे तो हिरव्या विमानाचा फोटो अजून आहे का? मावशीला ती शर्टांची गोष्ट सांगायचीय."

होता. पाठवून दिला.